घराला विचारणारे नाना

देवपुरातले आमचे शेजारी नाना फोटोग्राफर विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढत नसत. माणसाचाच नव्हे, झाडाचा, विहिरीचा, बैलाचासुद्धा. "काढू का?" म्हणायचे, क्षणभर थांबायचे, मगच बटण दाबायचे. "त्यासले बी मन शे, भाऊ," हे ठरलेलं.

चाळीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे चेहरे काढले. मनासारखं एकच काम राहिलं होतं: अमळनेरजवळचा जुना मठ. साधू कधीच गेले; पुढे एका जमीनदार घराण्याने त्याचा बंगला केला. ओवऱ्यांत पलंग आले, महंतांच्या गादीच्या जागी सोफा. मागे चिंचेची बाग, दगडी कुंड. गेल्या वर्षी त्या घराण्यातल्या, आता तिथे राहणाऱ्या अक्कांनी फोटोंना एकदाचा होकार दिला. मी पिशवी धरायला गेलो.

नानांनी दारात उभं राहून भिंतीला विचारलं, "काढू का?"

"घर मन्हं शे ना, नाना? मंग माले इचारा!" अक्का म्हणाल्या.

"तुम्हना नंबर मांगे शे, अक्का. वयमा घर मोठं शे."

कमानी, कुंड, चिंचा, सगळ्यांनी होकार दिला. एका म्हशीने तोंड फिरवलं. तिचा फोटो नाही काढला.

परतीच्या एसटीत नाना झोपले. कॅमेरा माझ्या मांडीवर. एका फोटोत कमानीखाली माझं पोट आलं होतं, कमानीपेक्षा गोल. तेवढा एक पुसायला गेलो. पडद्याने 'सगळे?' असं काहीतरी विचारलं. मी घाईत हो म्हटलं.

घरी नानांनी रिकामा कॅमेरा पाहिला आणि मटकन बसले. "घर नको म्हननं व्हतं, भाऊ. मालेच ऐकू उनं नही."

आणि मी? मी म्हणालो, "जुनी वास्तू, नाना. सांगता येत नाही."

त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला नाही. आठ महिने मला त्यांच्या दारावरून जाववेना. शेवटी आत शिरून एका दमात बोललो, "नाना, घर काही म्हणालं नव्हतं. फोटो मी पुसले. पोटापायी."

नानांचे डोळे भरले. "मन्हा जीवले बरं वाटाले इतलं खोटं बोलस? तुले टीव्हीना रिमोट समजत नही, तू काय कॅमेरा पुसशी!"

मी शपथ घेतली. पोट दाखवलं. उपयोग शून्य.

दोन महिन्यांनी नाना गेले. दहाव्याला अर्धं देवपूर माझा हात धरून सांगत होतं, की नाना शेवटपर्यंत माझंच नाव घ्यायचे: असा मनाने मोठा शेजारी नशिबाने मिळतो. मी प्रत्येकाला खरं सांगायला गेलो. प्रत्येकाने माझी पाठ थोपटली.