दादाच्या गाडीचा काळा धूर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादाने बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन सुधारायला घेतलं. कार्बुरेटर काढून मोठा बसवला, हवेच्या फिल्टरचा पत्र्याचा डबा फेकून दिला आणि त्या जागी उघडा, जाळीचा फिल्टर लावला. इंजिनाला मोकळा श्वास घेता आला पाहिजे, असं तो डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकवत फिरला. पंधरा दिवसांत गाडी काळा धूर ओकायला लागली.

धूर असा की मागच्या स्कूटरवाल्यांच्या शिव्या आम्हाला आत बसून ऐकू येत. कपड्यांना पेट्रोलचा वास. बाबांनी शेवटी सांगून टाकलं, "धूर थांबव, नाहीतर मी गाडी विकणार." दादाचा जीव त्या गाडीत होता. तो जेवता जेवता मध्येच हात थांबवून भिंतीकडे बघत बसायचा.

"मिक्श्चर रिच होतंय," तो म्हणाला. "म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त."

"मग पेट्रोल कमी भर ना रे," आई म्हणाली. दादाने कपाळावर हात मारला.

दर रविवारी बॉनेट उघडायचं. प्लग काजळीने माखलेले निघायचे. दादा ते घासायचा, चोक अडकलाय का बघायचा, कार्बुरेटरमधला पेट्रोलचा जेट बदलून बारीक घालायचा. मग जागेवर इंजिन इतकं छान चालायचं की तो डोळे मिटून ऐकत राहायचा. बॉनेट बंद करून शीळफाट्याकडे चक्कर मारली की पुन्हा काळा धूर. जागेवर बरी आणि रस्त्यावर बिघडते, यावरून त्याने शेवटी दोष रस्त्याला दिला. मला हसू आवरेना, तर माझ्यावरच खेकसला.

शेवटी बाबांनी गिऱ्हाईक बोलावलं. आंबिवलीचे एक पडद्यांच्या कापडाचे दुकानदार. दादा चेहरा पाडून खाली उतरला. आम्ही सगळेच उतरलो. गृहस्थांनी बॉनेट उचललं आणि वाकून विचारलं, "हे काय आहे?"

"कव्हर," दादा म्हणाला, जसं काही विचारायचंच कारण नव्हतं.

आमच्या घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेलिफोनला झालरीचं कव्हर आणि गॅसच्या सिलिंडरलाही कव्हर. त्यामुळे फिल्टर उघडा आहे म्हटल्यावर आईने त्याला इलॅस्टिक लावून कव्हर शिवलं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. काम सुरू करण्याआधी दादा ते काढून, नीट घडी करून टपावर ठेवायचा आणि काम झालं की झटकून पुन्हा चढवायचा.

दुकानदारांनी कापड दोन बोटांत चोळून बघितलं. "पडद्याचं दिसतंय. चांगलं जाड आहे हो. यातून हवा कुठली जाणार?"

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने कव्हर खेचून काढलं आणि तडक शीळफाट्याला जाऊन आला. धुराचा मागमूस नाही. दुकानदार खूश. "घेतली," म्हणाले.

"छे हो," बाबा म्हणाले. "धूर होता म्हणून विकत होतो. आता कशाला विकू?"

दुकानदार थोडे फुरंगटले, पण पोहे खाऊन गेले. दादा गाडीला टेकून लहान मुलासारखा हसत होता. आई मात्र कव्हर हातात धरून तशीच उभी होती. "माझ्यापायी गाडी गेली असती रे तुझी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. महिनाभर मी ज्या गोष्टीची टिंगल करत होते, तिचं टोक आईला जाऊन लागेल असं वाटलं नव्हतं.

दादाने तिच्या हातातून कव्हर घेतलं, झटकलं आणि म्हणाला, "अगं, चालवताना नको फक्त. गाडी उभी असते तेव्हा धूळ बसतेच ना? तेव्हा लागेलच."

आईने पदराने डोळे पुसले.

"मग अजून एक शिवते," ती म्हणाली. "हे धुवायला टाकलं की घालायला."