हौदाकडची भिंत

बुलढाण्यात आमच्या भागात नळ आठ दिवसांनी यायचा, कधी दहा. म्हणून घर बांधताना बाबांनी आधी पाण्याचा हौद काढला, मागच्या खोलीला अगदी चिकटून. हौदाला चार भिंती लागतात. बाबांनी तीनच बांधल्या आणि चौथी म्हणून खोलीचीच भिंत वापरली. तेवढ्या विटा वाचल्या, सिमेंट वाचलं. कारकुनाच्या पगारात घर उभं करणारा माणूस तो. ही हुशारी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

दुसऱ्याच वर्षी ती भिंत आतून ओलावली. आधी पोपडे, मग काळे ठिपके, मग आईच्या पलंगाच्या उंचीपर्यंत काळी बुरशी. दर दिवाळीला आई ती घासून काढायची, मी डबा धरायची आणि वरून चुन्याचे दोन हात. संक्रांतीपर्यंत डाग परत हजर! मिस्त्री एकच सांगायचा, हौद फोडा. अहो पण फोडला तर पाणी भरायचं कशात? आणि खर्च? एका वर्षी माझं बी.एड., मग भावाची इंजिनिअरिंगची फी, मग माझं लग्न. "पुढच्या दिवाळीत पाहू," बाबा म्हणायचे. बाबा गेल्यावर आई तेच म्हणायला लागली.

त्या खोलीत आई खोकायची. पावसाळ्यात जास्त, धुकं पडलं की विचारूच नका. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" आई तडकन म्हणाली, "नाही जी, आमचं घर पक्कं हाये, सिमेंटचं." ओल आहे म्हणणं म्हणजे गेलेल्या नवऱ्याच्या बांधकामाला नाव ठेवणं. आणि मी? मी शाळेत पोरांना पाठ शिकवणारी बाई, तिच्या शेजारच्या खुर्चीवर मूग गिळून बसले होते. दम्याची औषधं वाढत गेली. मागच्या हिवाळ्यात आई गेली.

घर विकायचं ठरलं. भाऊ पुण्याला, तिकडे गेल्यापासून त्याचं 'मले' जाऊन 'मला' झालं, पण हिशोब अजून बाबांचाच. फोनवर म्हणाला, "ताई, पुट्टी मारून घे, वर चांगला रंग दे आणि मोकळी हो." मी तसंच केलं, खोटं कशाला बोलू? भर उन्हाळ्यात भिंत पांढरीशुभ्र दिसली. देऊळघाटचे एक गुरुजी घर पाहून गेले, त्यांना पसंत पडलं, आणि मी इसार घेतला.

आठवड्यानं ते त्यांच्या आईला घर दाखवायला घेऊन आले. फाटकापासून दारापर्यंत येईस्तोवर म्हातारीला धाप लागली. मागच्या खोलीत शिरली, आईचा पलंग असायचा नेमकी तिथं खाली बसली आणि म्हणाली, "मी इथंच निजीन. हौद बी जवळच हाये, पाण्याले बरं." मग खोकली.

"गुरुजी, ही भिंत ओली आहे," मी म्हणाले. "रंगाखाली सगळी बुरशी आहे. हौद झिरपतो."

गुरुजी चिडले, आणि चिडायलाच पाहिजे होतं. "मग मॅडम, इसार घेताना काऊन नाही सांगितलं?" पण माणूस सरळ होता. मग म्हणाला, "असं करा, किमतीतून खर्च कमी करा. काम मी करून घेतो. घाई नाही, दिवाळीत पाहू."

ते शब्द ऐकले आणि माझा ताबाच सुटला. "दिवाळी नाही! एकही दिवाळी नाही. काम मी करून देते, मगच खरेदी लावू."

भाऊ फोनवर ओरडला, "वेड लागलं का तुला? विकायच्या घरावर एवढा खर्च?" म्हटलं, "माझ्या वाट्यातून काप." त्यानं कापला.

हौद रिकामा करायच्या दिवशी गल्लीतल्या बाया हंडे-बादल्या घेऊन आल्या, पाणी वाया जाऊ नये म्हणून. मग मिस्त्रीनं हौद फोडला, खोलीच्या बाजूनं गिलावा खरवडला. चुन्याचे पापुद्रे एकावर एक निघाले, पांढरा, निळसर, पुन्हा पांढरा, आणि मधून मधून काळं. आमच्या सगळ्या दिवाळ्या खाली पडल्या होत्या. मिस्त्री नाकाला रुमाल बांधून म्हणाला, "बाई, इथं कोणी निजत होतं काय?" मी "हो" म्हणाले आणि बाहेर येऊन उभी राहिले. भिंत पुरती वाळायला महिना लागला. नवा गिलावा झाला, गच्चीवर प्लास्टिकची टाकी बसली. सगळं मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. इतकंच होतं ते.

खरेदीच्या आदल्या दिवशी म्हातारी पुन्हा आली. भिंतीवर तळहात ठेवून चांगलं चाचपून पाहिलं तिनं. "कोरडी ठणठणीत झाली वं बाई," ती म्हणाली. मग सहजच, काही मनात न ठेवता, तिनं विचारलं, "विकाच्या घरासाठी एवढं केलं तुनं. तुही माय होती तवा काऊन नाही केलं?"

तिला सांगायला माझ्याकडे बी.एड. होतं, फी होती, लग्न होतं. मी पलंगाच्या जागी खाली बसले आणि परक्या म्हातारीसमोर ढसाढसा रडले. तिनं पाणी मागितलं माझ्यासाठी, आणि गुरुजी नव्या टाकीचा नळ सोडायला गेले.