आजची मॅच कॅन्सल झाली

सात वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी, डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्या हातात फोन धरून, मी चाळीस माणसांना चार शब्दांचा मेसेज पाठवला: ‘आजची मॅच कॅन्सल झाली.’ मॅच कॅन्सल झालेली नव्हती. ती मी केली होती. आता मी कोण कॅन्सल करणारी? ना पंच, ना आयोजक. मी होते अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या मराठी आजी-आजोबांच्या कट्ट्याची ॲडमिन, आणि वय अवघं एकाहत्तर. त्या कोवळ्या वयात अक्कल जरा कमीच असते, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सोडून दिलं. आता अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. आता ती सबबही पुरत नाही.

मॅच होती रग्बी लीगची. चार देशांच्या मुलींची स्पर्धा होती आणि अमेरिकेच्या संघात माझी नात सई खेळत होती. पण एवढं सांगून तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून जरा मागून सुरू करते.

कोल्हापूर सोडलं तेव्हा मी सहासष्टची होते. हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. संदीप, माझा एकुलता एक, पुण्याच्या कंपनीने इकडे पाठवलेला आणि इकडेच रुजलेला, मला न्यायला आला होता. निघताना बिल्डिंगच्या गेटाशी ही गर्दी. शेजारणी, शाळेपासूनच्या मैत्रिणी, भाजीवाली, माझा थोरला भाऊ दादा. सगळे रडत होते आणि मी गाडीच्या मागच्या काचेतून माणसं मोजत होते. तेवीस भरली. चौक आला तेव्हा मला हुंदका आला खरा, पण त्याच्या आत बारीकसा अभिमानही होता, की बघा, मला पोचवायला तेवीस माणसं.

गर्दीचं हे वेड आमच्या गावचं. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीमा, आणि मॅच असली की पेठा ओस. दादा लेफ्टला खेळायचा. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. दादा काही फार मोठा खेळाडू नव्हता, अर्धा वेळ चिखलात पडलेलाच असायचा, पण वडिलांनी एक मॅच चुकवली नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, “पोरगं हरलं तर घरी येताना सोबत नको व्हय?” मी दहाची झाले आणि आईने सांगितलं, “आता बास, पोरीबाळींचं काय काम तिथं?” मग मी शेजारच्यांच्या गच्चीवरून बघायला लागले. तिथून मैदानाचा एकच कोपरा दिसायचा. बाकीची मॅच मी आरड्याओरड्यावरून ओळखायची. गोल कुणी मारला, हे मला न बघता सांगता यायचं.

अशी ही बाई प्लेनोला आली. पहिल्या आठवड्यात मी सवयीने खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजली. तीन. त्यातली दोघं कुत्र्यामागून चालत होती. बाकी सगळे गाडीत. मग मीच हालचाल केली. संदीपच्या ओळखीतल्यांचे आईवडील गोळा केले, लायब्ररीतली एक खोली शनिवारी मागून घेतली आणि कट्टा सुरू केला. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. दोन वर्षांत चाळीस जण झाले आणि माझ्या चालण्यात फरक पडला, असं सूनबाई म्हणते.

कट्ट्यावर नातवंडांचं कौतुक हा मुख्य कार्यक्रम. त्यात मी मागे कशी राहीन? सई भरतनाट्यम करते, असं मी सांगत असे. तिने ते अकराव्या वर्षीच सोडलं होतं. तिचा मेडिकलकडे कल आहे, असंही सांगत असे. एका हॅलोविनच्या सोंगात ती डॉक्टर झाली होती, एवढाच तो कल. आयर्विंगला राहणाऱ्या नाडकर्णीकाकू हे सगळं कान देऊन ऐकायच्या. त्यांचा नातू सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी एकदा अगदी सहज विचारलं, सईची पत्रिका काढलेली आहे का हो. मीही अगदी सहज म्हटलं, आहे की.

आणि सई कॉलेजातून येताना गुडघे फोडून यायची. रग्बीतही दोन तऱ्हा आहेत, हे मला तिने जेवणाच्या टेबलावर मीठदाण्या मांडून समजावलं होतं. एकीत पंधरा जण, दुसरीत तेरा. तेरावाली ती लीग. दोन्हींना रग्बीच म्हणतात, जसं पुण्यातलीही मिसळच आणि आमचीही मिसळच. पण एकीच्या माणसापुढे दुसरी ठेवून बघा. इकडे तर ह्या तेरा जणांच्या खेळाची कुणाला गंधवार्ता नाही. शाळेच्या पोरांच्या अमेरिकन फुटबॉलला दर शुक्रवारी अख्खा गाव लोटतो. त्याच स्टेडियममध्ये चार देशांच्या मुली येऊन लीग खेळणार, तर हजारो खुर्च्या मोकळ्या.

ते सईला लागलं होतं. कोचने मुलींना सांगितलं होतं की ह्या वेळीही खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पुढची स्पर्धा इकडे व्हायची नाही, मैदान कोण देणार? प्रत्येकीने आपली माणसं आणा. संदीप आणि सूनबाई, दोघंही त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने परगावी होते. तेव्हा सई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आज्जी, तुझं मंडळ येईल?” मी म्हटलं, चाळीसच्या चाळीस आणते, तू आयोजकांना लिहून दे. तिने लिहून दिलं. मी कट्ट्यावर सांगितलं की नातीचा इंटरनॅशनल सामना आहे. कुलकर्णीकाकांनी तर येणाऱ्यांसाठी बससुद्धा ठरवली. सामना कसला ते मी सांगितलं नाही. बहुतेकांना बॅडमिंटन वाटलं असावं.

गुरुवारी सई मला प्रॅक्टिस बघायला घेऊन गेली. तिथे मी पाहिलं, माझी सई बॉल छातीशी धरून पळतेय आणि तीन दांडग्या पोरी तिला धरून जमिनीवर आपटतायत. उठली तेव्हा नाकातून रक्त. हाफ पँट, मांड्यांवर निळे डाग, तोंडात प्लॅस्टिकचं कवच. ते कवच दाखवत ती माझ्याकडे बघून हसली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नाडकर्णीकाकू. त्यांच्या मांडीवर पर्स, आणि पर्सवर घडी घातलेले हात.

शुक्रवारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. शनिवारी सकाळी सई टीमबरोबर निघून गेली आणि मी तो मेसेज टाकला. पाच मिनिटांत चाळीस अंगठे आले. कुलकर्णीकाकांनी “अरेरे” लिहिलं.

मी घरीच थांबणार होते. भाजी फोडणीला टाकली. ती करपली. दुसरी टाकली, त्यात मीठ दोनदा पडलं. मग गॅस बंद केला, साडी बदलली आणि टॅक्सी बोलावली.

स्टेडियममध्ये मधोमध, अगदी मोक्याच्या जागी, खुर्च्यांच्या दोन रांगांना कागद चिकटवलेले होते. प्रत्येक कागदावर ‘सईची फॅमिली’. मी मोजल्या. सवयच ना. चाळीस. मी एका खुर्चीत बसले. उरलेल्या एकोणचाळीस कागदांची फडफड वाऱ्यावर माझ्या दोन्ही कानांत होत होती. अख्ख्या स्टेडियमात मिळून दीडशे माणसं नसतील.

समोर टोंगाची टीम होती, पॅसिफिकमधल्या बेटांवरची. इकडे स्थायिक झालेली त्यांची घरची माणसं मात्र व्हॅन भरभरून आली होती. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, ढोल, जेवणाचे मोठे डबे. त्यांच्यातली माझ्या वयाची एक बाई, केसांत फूल, बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग ती उठून आली आणि कागदाकडे बोट करून विचारलं, तुमच्या माणसांच्या गाड्या अडकल्या का हायवेवर? मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच ठाऊक नाही. ती मागे वळून आपल्या लोकांना काहीतरी म्हणाली, आणि त्यांच्यातली निम्मी माणसं उठून सईच्या फॅमिलीत येऊन बसली. मला कलिंगड आणि नारळाच्या दुधाचं सरबत दिलं. नाव कसं म्हणायचं ते विचारून घेतलं, आणि “सई, सई” असा गजर सुरू केला. त्यांच्या स्वतःच्या नाती समोरून खेळत असताना.

सईने मध्येच बॉल घेऊन रेषेपलीकडे उडी टाकली. माईकवरून ‘ट्राय’ असं ऐकू आलं. मी चुकचुकले. शेजारणीला म्हटलं, जाऊ दे, ट्राय तर केला बिचारीने. ती बाई मला मिठी मारून हलवत होती. ट्राय म्हणजे प्रयत्न नव्हे, तोच तो गोल, त्याचेच चार गुण, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गच्चीवरून न बघता गोल ओळखणारी मी, नातीचा गोल समोर बसून मला कळला नाही.

घरी जाताना सईने काहीच विचारलं नाही. तिने विचारलं नाही, हेच मला सहन होईना. मीच म्हटलं, सगळे ट्राय करतो म्हणाले होते गं, आपल्या लोकांचं तुला माहीतच आहे. म्हणजे मेसेज माझा आणि बिल त्या बिचाऱ्या चाळीस जणांच्या नावावर. सई फक्त “इट्स ओके, आज्जी” म्हणाली. पुढची स्पर्धा दुसऱ्या राज्यात गेली.

त्यानंतर मी सईची एकही मॅच सोडली नाही. बोस्टनला कडाक्याच्या थंडीत बसले, फ्लोरिडात उन्हाने सोलून निघाले. लोक म्हणायचे, काय हौस आहे काकूंना. हौस कसली. आता कोल्हापूरची आठवण येते तेव्हा गेटाशी जमलेली तेवीस माणसं नाही येत डोळ्यांपुढे. दादाच्या मॅचला सायकल काढून निघालेले वडील येतात. रिकाम्या बाकांमध्ये एकटीच बसलेली एखादी बाई दिसली की मी तिच्या शेजारी जाऊन बसते, आणि तेवढ्यापुरतं मला आपल्या गावात आल्यासारखं वाटतं.

यंदा स्पर्धा पुन्हा आमच्या भागात येणार आहे. सईचा गुडघा गेला, ती आता खेळत नाही, प्रेक्षक जमवायच्या कमिटीत आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघी आयर्विंगच्या भारतीय दुकानाबाहेर पत्रकं वाटत उभ्या होतो. कुलकर्णीकाका पिशवी घेऊन बाहेर आले. आता काठी आलीय हातात. पत्रक वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, “रग्बी? अहो, तुमची मॅच तर कॅन्सल होते ना? मागे एकदा मी बस ठरवून बसलो होतो.”

सई हसून म्हणाली, “ह्या वेळी नाही होणार, काका. नक्की या.” आणि मी काकांच्या पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुड्या बघायला लागले.

गाडीत बसल्यावर मी सगळं सांगितलं. नाडकर्णीकाकू, पत्रिका, नाकातलं रक्त, चार शब्द. माझी मला इतकी लाज वाटत होती की मी समोरच्या काचेशी बोलत होते. सईने गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात तशीच ठेवून ती म्हणाली:

“आज्जी, त्या ग्रुपमध्ये मी पण आहे. तुला फोटो टाकायला जमायचे नाहीत म्हणून तूच मला ॲड केलं होतंस. वॉर्म-अपच्या आधीच वाचला मी तो मेसेज. मग बाहेर येऊन वर बघितलं, तर तू एकटी बसलेली. मला वाटलं, ओके, आज्जी तरी आली.”