एकाच आडनावाची दोन घरं

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही कतारच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठच्या एका ओसाड गावात चालायला गेलो. राजधानीतल्या बिन महमूद वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. आपा मूळच्या मुरूडच्या, पण निम्मं आयुष्य इथेच गेलेलं. "घरात बसून काय करतेस? चल, पाय मोकळे होतील," एवढंच त्या म्हणाल्या. इथल्या काळ्या लोकांचा इतिहास सांगत नेणारी ही पायपीट आहे, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

वाट दाखवणाऱ्या बाई कतारीच होत्या, निवृत्त शिक्षिका, वर्णाने काळ्या. अबायाच्या काळ्या झग्याखाली चालायचे बूट. आम्ही सगळे जमल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या पणजोबांना लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून गलबतातून इथे आणलं आणि विकलं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. हे पुस्तकात नव्हतं."

खारट जमिनीचा पापुद्रा पायाखाली मोडत होता. आधी एक बुजलेली विहीर लागली. मालकांच्या घरी पाणी इथून जायचं आणि ते गुलाम बायका वाहायच्या. पुढे किनारा. बाईंचे पणजोबा इथे मोत्यांसाठी बुड्या मारत. पायाला दगड, कमरेला दोर, नाकाला चिमटा. मोती मालकाचे. ते पुढे मुंबईला विकायला जात, असं बाईंनी सांगितलं तेव्हा आपांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्यात पांढऱ्या पायघोळ थोबमधले एक वयस्क कतारी गृहस्थ होते. ओळख करून देताना त्यांनी जे आडनाव सांगितलं, तेच बाईंचंही होतं. आपांनी सरळ विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गुलामी संपली तेव्हा आम्ही मालकाच्या कुळाचं नाव लावलं. स्वतःचं आम्हाला आठवतच नव्हतं."

आपा ओशाळल्या. गृहस्थांनी कमानी शिल्लक असलेल्या एका भिंतीकडे बोट केलं.

"ते आमचं घर. तुमचं कुठे होतं?"

बाई त्यांना त्या भिंतीच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. आम्हीही गेलो. तिथे जमिनीत दगडांची एक ओळ होती, बाकी काही नाही.

"इथे," बाई म्हणाल्या.

"मी लहानपणापासून इथे येतो. इथे बकऱ्या बांधायचे, असं मला सांगितलं होतं."

"बकऱ्याही होत्या."

गृहस्थ त्या ओळीच्या अलीकडेच थांबले, आत पाऊल टाकलं नाही. "आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नाही," ते म्हणाले.

"आमच्याही नाही. विषय निघाला की माझी आजी चहा टाकायला उठायची."

गृहस्थांनी विचारलं, पुढच्या वेळी मुलींना आणलं तर चालेल का. "आणा," बाई म्हणाल्या, "पण बूट घालायला सांगा." गृहस्थांच्या सपातांचे पट्टे मिठाने पांढरे झाले होते. परतताना ते दोघं पुढे चालत होते, अरबीत बोलत. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही.

गाडीत आपा माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "मुरूडला आमच्या शेजारी सिद्दींचं घर होतं. त्यांच्या मुलीबरोबर मी शाळेत जायचे. त्यांचे लोक आफ्रिकेतून आले हे ठाऊक होतं. कसे आले, ते कधी विचारलं नाही."

"आता कुठे असते ती?"

"पनवेलला. नंबर आहे माझ्याकडे."

त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. आमच्या दारापर्यंत हसणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्यांचं बोललो, नातवंडांचं बोललो. इतक्या वर्षांनी पहिल्याच फोनला ते कसं काढायचं?"