पाय कुणाचा, बूट कुणाचा

मी नोकरीला आहे त्या बुटांच्या दुकानात आमच्या जुन्या सेल्समनची, काकांची, जागा म्हणजे एक ठेंगणं स्टूल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका त्याचा पाय मांडीवर घेत, बूट चढवत आणि पुढून अंगठ्याने दाबून बोटं कुठवर आली ते बघत. निवृत्त होईपर्यंत त्या स्टुलावरून कुणी उठवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. बाईंचा डावा पाय जन्मापासून आखूड. प्रत्येक नव्या जोडात काका डाव्या बुटाला आतून कॉर्कचा थर बसवून देत. मग बाई दुकानात एक फेरी मारून विचारत, "सरळ चालतेय ना?"

"पलटणीत घेतील बाई तुम्हाला."

निवडणुकीच्या तोंडावर आमच्या कंपनीचे मालक एका पक्षाच्या व्यासपीठावर गेले आणि भाषण ठोकून आले. तेव्हापासून लोक बूट घ्यायला कमी आणि सुनावायला जास्त येऊ लागले. एका गृहस्थांनी तर पाय काकांच्या मांडीवर ठेवूनच तोंड सोडलं, "असल्या माणसाची चाकरी करायला लाज नाही वाटत?"

"साहेब, मालकांचा पाय मी अजून पाहिलेला नाही. तुमचा मात्र पाठ आहे."

गृहस्थ हसले नाहीत. बूट न घेताच गेले.

बाईंच्या मुलाने घरी बजावलं, त्या दुकानाची पायरी चढायची नाही. दुसऱ्या कंपनीचा जोड त्यानेच आणून दिला. तो घालून बाई एका अंगाला कलत चालू लागल्या. कंबर धरली, तेव्हा एका दुपारी त्या आमच्या दारासमोर फुटपाथवर येऊन उभ्या राहिल्या. दुकानात परक्या मालाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम. काका कॉर्क घेऊन बाहेर गेले आणि तिथेच जमिनीवर बसले. बाई पायरी चढल्या नाहीत, काकांनी नियम मोडला नाही.

कुणीतरी फोटो काढला: वर आमच्या दुकानाची पाटी, खाली काकांच्या हातात दुसऱ्या कंपनीचा बूट. 'नोकरांनासुद्धा या मालकाचे बूट नकोत' असं खाली लिहून तो गावभर फिरला. मॅनेजरने काकांना आत बोलावलं.

"अहो, बाईंचा पाय आहे तो," काका म्हणाले.

"पाय कुणाचा ते वरचे विचारत नाहीत, काका. बूट कुणाचा ते विचारतात."

काकांची बदली गावाबाहेरच्या गोदामात झाली. खोकी मोजायची, खुर्चीत बसून. बायको म्हणाली, "बरं झालं, गुडघे तरी सुटले."

पुढे एकदा गोदामाच्या वॉचमनने सहज सांगितलं, "काल एक म्हाताऱ्या बाई तुम्हाला विचारत आल्या होत्या. गिऱ्हाइकाला आत सोडत नाही म्हटलं, तर गेल्या."

"चालत गेल्या?"

"चालतच."

"कशा चालत होत्या?"

"कशा म्हणजे? बायामाणसं चालतात तशा."

"नीट आठव ना. कलत होत्या का एका बाजूला?"

वॉचमनने बघितलं नव्हतं.