पोपटाची एकादशी

"खिचडी? आई, पोपटाला साबुदाण्याची खिचडी?" मी असा ओरडलो की आखातातल्या ह्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीतले एसी घाबरून बंद पडले.

आई ढिम्म. "ओरडू नकोस. मिरची काढून दिलीय."

पोपट आमचा नव्हता, वरच्या मजल्यावरच्या श्रीलंकेच्या नर्सबाईंचा होता. चिमणीएवढा जीव. अंग हिरवंगार, डोकं लालभडक, पाठीवर नारिंगी झाक, आणि झोपायचा वटवाघळासारखा उलटा लटकून. त्यांच्या गावामागच्या रानातला पक्षी इथल्या बाजारात पिंजऱ्यात दिसल्यावर बाई दुकानदारावर इतक्या तुटून पडल्या, की तो म्हणे अरबी विसरून सिंहलीत माफी मागायला लागला. पण सोडायचा कुठे? ह्या वाळवंटात? म्हणून घरी आणला आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला. लीव्हवर जाताना आमच्याकडे देऊन बजावलं, "ओन्ली फ्रूट. और कुछ मफी." इथलं 'मफी' म्हणजे 'नाही'.

मी आईला तेव्हाच मराठीत सांगितलं होतं, "हा फक्त फळांवर असतो."

"फळांवर म्हणजे उपवासच की," आई आता मलाच समजावत होती. "आज एकादशी. आजच्या दिवशी तरी पोटभर नको का? खिचडी चालते."

"अगं, तो रोज फळांवर असतो!"

"रोज? म्हणूनच एवढासा राहिलाय."

माझं डोकं असं तापलं की त्यावर हिद्दच्या बंदरातली सगळी जहाजं चालली असती. तिकडे पोपटाचा गळा फुगलेला, चोच चिकट. गाडी विमानासारखी उडवत जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. त्याने गळा चाचपला, साबुदाणा आत घट्ट बसलाय म्हणाला, थोडा काढला, आणि "इंशाल्ला" म्हणून हात धुतले. तेव्हाच मला त्याचाही राग आला.

संध्याकाळी पोपट लटकला नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहिला.

"झालं समाधान?" मी पुन्हा आईवर ओरडलो.

"मी काय मुद्दाम मारला?" ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. "तुझ्या घरात कुणी नीट सांगतं का काही?" आणि दार आपटून आत गेली.

मी नर्सबाईंना फोन लावला. खिचडीसकट सगळं सांगितलं आणि फोन कानापासून हातभर लांब धरला. दुकानदाराची जी गत झाली, तीच आता माझी होणार होती.

मी फोन हळूहळू परत कानाशी आणला. मग त्या म्हणाल्या, "पिंजरा फेंक दो."