पाळण्यातला दगड

वसुधा फाटक म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून फटकळ बाई. सिंगापूरच्या विद्यापीठात तिचं काम काय, तर दगडाने हाडं फोडायची! प्राचीन माणसांसारखे कुटायचे दगड स्वतः घडवायचे, बाजारातून आणलेल्या डुकराच्या हाडांवर घालायचे आणि उत्खननातल्या हाडांवरची मोड तशीच दिसते का, ते बघायचं.

२०१६ साली तिथल्याच बेडोक भागात राहणाऱ्या, ओळखीतल्या प्रणिताच्या बाळाचं बारसं निघालं. पाळणा आला, घुगऱ्या झाल्या, पण गोप्या करायला वरवंटा कुठून आणणार? घरोघरी मिक्सर! आणि बाळाच्या आधी पाळण्यात गोप्या घातल्याशिवाय बारसं कसलं? "माझ्याकडे आहे," वसुधा म्हणाली आणि लॅबमधला एक लांबट दगड साबणाने खसाखसा धुऊन घेऊन आली. ज्याने परवा डुकराची कवटी फोडली, त्याला बायकांनी कौतुकाने झबलं-टोपडं घातलं. शिव शिव! पण सांगते कशाला ती?

बायका पाळण्याशी जमल्या, आणि प्रणिताच येईना. गोप्या हातात तसाच घेऊन वसुधा तिला बोलवायला स्वयंपाकघरात गेली.

तिथे प्रणिताच्या नवऱ्याने, अभयने, तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटत होता. का, तर व्हिडिओ कॉलवर त्याची आई केव्हाची ताटकळली होती! रक्त पैठणीवर ओघळत होतं.

"सोड तिला, मेल्या!" वसुधा ओरडली. त्याने पुन्हा आपटलं. वसुधाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने टोपड्यासकट दगड त्याच्या मनगटावर घातला. कडकन हाड मोडलं. केस सुटले नाहीत, म्हणून आणखी एकदा घातला.

पोलीस आले. वसुधाने सगळं सांगितलं. मग त्यांनी प्रणिताला विचारलं. कपाळाला पदर दाबून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"मी घसरून पडले," ती म्हणाली. "वसुधाताईंनीच ह्यांना मारलं."

वसुधाची नोकरी गेली, सिंगापुरात राहायचा पासही गेला. तिला विमानतळावर सोडायला तिची मैत्रीण विभा आली होती. ती चिडून म्हणाली, "काय मिळवलंस गं? जिच्यासाठी केलंस, तिनेच तुला तोंडघशी पाडलं!"

वसुधाला रडू फुटलं. चारचौघांत ती ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "त्याच्या हाताला प्लास्टर आहे ना, तेवढे दिवस तरी ती मार न खाता जेवेल."